ब्रायटनच्या पॅव्हेलियन बागेत डबा घेऊन बसावं का? (पहिलं महायुद्ध, मुलं आणि आजोबा)

क्रॉलीची_मृण्मयी
12 एप्रिल, रात्री 9:10

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण आमच्या घरात त्यावरून दोन तट पडलेत.

मे महिन्यात सासू-सासरे साताऱ्याहून येतायत. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी चारची. एक दिवस इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनला न्यायचं ठरलंय. समुद्र, पिअर हे ठरलेलंच, पण मला त्यांना रॉयल पॅव्हेलियनभोवतीची बाग दाखवायची आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: शहराच्या अगदी मधोमध छोटीशी बाग आहे. एका बाजूला चौथ्या जॉर्जने बांधून घेतलेला, आपल्याकडच्या वाड्या-मकबऱ्यांची आठवण करून देणारा घुमटांचा महाल. दुसऱ्या बाजूला डोम नावाचं सभागृह आणि म्युझियम. मधे हिरवळ, मोठी झाडं. ऊन पडलं की अख्खं गाव तिथे येऊन पसरतं. कुणी गिटार वाजवतंय, कुणाची पोरं गवतात लोळतायत.

आणि हीच ती जागा, जिथे डिसेंबर 1914 पासून जानेवारी 1916 पर्यंत हिंदी सैनिकांचं रुग्णालय होतं. फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवरून जखमी होऊन आलेले आपले लोक याच हिरवळीवर खाटा-खुर्च्या टाकून बसायचे. त्याचे फोटो आहेत.

सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. फोनवर बेत सांगितला तर म्हणाले, "बाळ, जिथं जवानांनी जीव सोडला तिथं चादर टाकून पुऱ्या-भाजी खायची? मी उभा राहून नमस्कार करीन आणि निघीन." मला ते पटत नाही. मला वाटतं मुलांनी तिथे खेळावं, आणि खेळताखेळताच त्यांना कळावं की इथे कोण येऊन गेलं. नुसतं हात जोडून निघालो तर चार वर्षांच्या पोरीच्या काय लक्षात राहणार?

तुम्ही काय करता? जाऊन आलेल्यांनी जरूर लिहा.

भटक्या_नाना
12 एप्रिल, रात्री 9:48

आधी व्यवहाराचं सांगतो, तत्त्वाचं जाणकार सांगतीलच.

बागेत झोपाळे-घसरगुंडी नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे भोकाड. खेळणी हवी असतील तर उत्तरेला पंधराएक मिनिटं चालून 'द लेव्हल' नावाचं मैदान आहे, तिथे मुलांची मोठी जागा आहे. समुद्र दक्षिणेला पाच मिनिटांवर. किनाऱ्यावरची फोक्सची विजेची छोटी आगगाडी 1883 ची आहे, आजोबांना आणि नातवाला दोघांनाही आवडेल.

बागेतलं उघड्यावरचं कॅफे 1941 पासून चालू आहे, म्हणजे तेही युद्धातलंच अपत्य. त्यांचे रॉक केक प्रसिद्ध. चहा ठीक. आणि सीगलपासून सांभाळा! माझ्या हातातला मेथीचा ठेपला असा काही उचलला की मी नुसता बघत राहिलो. डबा उघडाल तर झाकण हातात ठेवा.

शंतनु_होव
12 एप्रिल, रात्री 10:35

मृण्मयीताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर बागेच्या दक्षिण दारावरच कोरलेलं आहे.

नॉर्थ स्ट्रीटकडून आत शिरताना जो दगडी दरवाजा लागतो, चार खांब आणि वर घुमट, त्याला इथे 'इंडिया गेट' म्हणतात. 26 ऑक्टोबर 1921 ला पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. घडण गुजराती पद्धतीची आहे. त्यावर लिहिलंय की 1914 आणि 1915 मध्ये ब्रायटनने ज्यांची शुश्रूषा केली, त्या आपल्या मुलांच्या स्मरणार्थ ही हिंदुस्थानची भेट. पुढे असंही लिहिलंय की हा दरवाजा ब्रायटनच्या रहिवाशांच्या वापरासाठी अर्पण केला आहे.

वापरासाठी! लोकांनी रोज त्याखालून जावं-यावं, भाजी घेऊन जावं, पोरांना घेऊन जावं, यासाठीच तो दिला. देणाऱ्यांनी कुलूपबंद स्मारक मागितलंच नव्हतं. मी कामावर जाताना रोज त्याखालून जातो आणि मला ते फार योग्य वाटतं. तेव्हा तुमच्या मुलांनी तिथे पळापळी केली तर देणाऱ्यांच्या इच्छेविरुद्ध काही होतंय असं अजिबात नाही.

गौरी_ठाणे
12 एप्रिल, रात्री 10:51

शंतनु, +१. हे माहीतच नव्हतं. वाचतेय.

इतिहासाचा_विद्यार्थी
12 एप्रिल, रात्री 11:40

धागा छान आहे, पण चित्र फार गोड रंगू नये म्हणून लिहितो.

रुग्णालय महालात ठेवण्यामागे दया होती तसं राजकारणही होतं. जखमी सैनिकाने गावी पत्र लिहावं की बादशहाने आपला राजवाडा आमच्यासाठी रिकामा केला, हा हिशेब होता. तशी छायाचित्रं काढली गेली, पोस्टकार्डं छापली, इंग्रजी, उर्दू आणि गुरुमुखीत पुस्तिका काढून हिंदुस्थानात वाटल्या. प्रत्यक्षात तो महाल राजाचा उरलाच नव्हता. व्हिक्टोरिया राणीला तो आवडत नसे, आणि 1850 मध्येच ब्रायटन नगराने तो विकत घेतला होता. म्हणजे जागा दिली नगराने, श्रेय गेलं बादशहाला.

दुसरं, बागेभोवती उंच लाकडी कुंपण होतं. बाहेर बघ्यांची गर्दी जमायची हे एक कारण. पण आपल्या लोकांनी मोकळेपणी गावात फिरू नये, गोऱ्या बायकांशी बोलू नये, ही सरकारची धास्तीही होती. एल्म ग्रोव्हवरच्या किचनर रुग्णालयात (ते पूर्वी 'वर्कहाउस', म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणारं गृह होतं, आता ब्रायटन जनरल हॉस्पिटल) तर त्याहून कडक कारभार होता. भिंतींवर काटेरी तारा, दाराशी पहारा. कर्नल सेटन तिथले प्रमुख. या कोंडून ठेवण्याच्या रागातून तिथल्या एका सब-असिस्टंट सर्जनने 1915 मध्ये सेटनवर गोळी झाडण्याचा प्रयत्न केला आणि कोर्ट मार्शल होऊन त्याला शिक्षा झाली. त्याचं आडनाव गोडबोले.

मराठी माणूस या गोष्टीत कुठे आहे असं कुणी विचारलं, तर तो तिथेही आहे. त्याच्या नावाची पाटी त्या शहरात मला कुठे दिसली नाही.

पुण्याची_माधवी
13 एप्रिल, सकाळी 7:05

गोडबोले?? काटा आला अंगावर. कोण असेल, कुठल्या गावचा, घरी काय कळवलं असेल...

रेवती_सिस्टर
13 एप्रिल, दुपारी 1:20

मी इथे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, नर्स आहे, म्हणून रुग्णालयाच्या बाजूने लिहिते.

विद्यार्थी यांनी लिहिलेलं सगळं खरं आहे. पण आतली व्यवस्था वाचली की मी थक्क होते. महाल, डोम आणि शेजारची कॉर्न एक्सचेंजची इमारत मिळून सातशेच्या वर खाटा. डोम म्हणजे मूळचे राजाचे तबेले! त्या भल्यामोठ्या घुमटाखाली ओळीने खाटा लावलेली चित्रं आहेत. महालाच्या मोठ्या स्वयंपाकघरात शस्त्रक्रिया व्हायच्या. आणि रुग्णांसाठी बागेच्या आवारात नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं: मुसलमानांची वेगळी, मांसाहारी हिंदूंची वेगळी, शाकाहारींची वेगळी. वॉर्डात हिंदूंचा नळ वेगळा, मुसलमानांचा वेगळा. पाट्या उर्दू, हिंदी, गुरुमुखीत. शिखांसाठी हिरवळीवर तंबूत गुरुद्वारा.

आज आमच्या वॉर्डात एका आजींसाठी बिनकांद्याचं जेवण मागवायचं तर किती फोन करावे लागतात हे मला विचारा. शंभर वर्षांपूर्वी हे लोक नऊ चुली सांभाळत होते. हेतू राजकीय असेल, पण रोजचं काम करणारे हात माणसांचे होते, आणि त्यातले पुष्कळसे आपलेच होते: डॉक्टर, मलमपट्टी करणारे ड्रेसर, आचारी, पाणक्ये, सफाईवाले. त्यांना शौर्यपदक मिळत नाही.

आता मृण्मयीच्या सासऱ्यांसाठी. काका, तिथे येणाऱ्या बहुतेकांनी जीव सोडला नाही, ते बरे झाले! ब्रायटनमधल्या अशा तीन रुग्णालयांत मिळून सुमारे बारा हजार हिंदी सैनिक आले. त्यातले मरण पावलेले हिंदू-शीख 53, शिवाय काही मुसलमान. बाकीचे उठून बसले, चालायला लागले. ती हिरवळ म्हणजे पाय टाकायला पुन्हा शिकण्याची जागा होती. बँड वाजायचा, डोममधला ऑर्गन ऐकवायचे. त्या गवतावर कुणी हसलं, खेळलं तर विटाळ कसला?

कडक_चहा
13 एप्रिल, दुपारी 3:02

रेवतीताई, भावना समजते, पण मी काकांच्या बाजूने.

बरे झाले आणि मग? पुष्कळांना परत आघाडीवर पाठवलं. त्यांना घरी जायचं होतं. बागेत बसून त्यांना काय वाटत असेल याची कल्पना करा: समोर फुलं, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तोच चिखल. अशा जागी थोडी शांतता पाळायला काय हरकत आहे? मुलांनी खेळावं, ठीक. पण मी तिथे भर दुपारी बिअरच्या बाटल्यांचा खच पाहिलाय, हिवाळ्यात महालासमोर बर्फाची रिंक आणि कर्णकर्कश गाणी पाहिलीत. शहरात दुसऱ्या जागा नाहीत का?

शंतनु_होव
13 एप्रिल, संध्या. 6:15

परत पाठवलं हे अगदी खरं, आणि सैनिकांना ते किती लागलं हे त्यांच्या पत्रांवरून कळतं. बिअरच्या बाटल्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण तो प्रश्न बेशिस्तीचा आहे, खेळण्याचा नाही. रिंकवर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या पोराला तुम्ही बाटली फेकणाऱ्यांच्या रांगेत बसवताय.

इतिहासाचा_विद्यार्थी
13 एप्रिल, संध्या. 7:30

पत्रांचा विषय निघाला म्हणून. सैनिकांची पत्रं सेन्सॉर वाचत असे, आणि त्यातले भाषांतरित उतारे लंडनला ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहेत. सेन्सॉर वाचतो हे सैनिकांनाही ठाऊक. म्हणून ते आडून लिहायचे. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, आता लाल वापरतायत, अशा थाटाचा मजकूर. वरकरणी मसाल्याच्या डब्याची चौकशी आणि आत कळवलेलं असं की आपली माणसं मरतायत, भरतीला येऊ नका. सेन्सॉरला ते कळलं हे त्या उताऱ्यांमुळेच आपल्याला कळतं.

आणि त्याच पत्रांत ब्रायटनची मनापासून केलेली स्तुतीही आहे. स्वच्छता, जेवण, देखणा महाल. दोन्ही एकाच माणसाच्या मनात असू शकतं. म्हणून मी कडक_चहा आणि रेवती दोघांच्याही मधे उभा आहे.

खडकीकर
13 एप्रिल, रात्री 8:55

मराठी धागा आहे तर खडकीचं नाव यायलाच हवं.

बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स, म्हणजे त्या वेळचे 3 सॅपर्स अँड मायनर्स, यांचं केंद्र तेव्हाही खडकी आणि आजही खडकी. त्यांच्या 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या 1914 च्या शरद ऋतूत फ्रान्सला पोचल्या. 28 ऑक्टोबर 1914 ला न्यव्ह शापेल गावावर त्यांनी 47 शीख पलटणीबरोबर हल्ला केला. लक्षात घ्या, हे सॅपर्स. पूल बांधणं, खंदक खणणं, तारा कापणं हे त्यांचं काम, पण त्या दिवशी त्यांना पायदळासारखं संगिनी लावून गल्लीबोळात घुसवलं. गावात शिरले, घराघरांतून लढले, मागून कुमक आली नाही, परतावं लागलं. गोरे अधिकारी जवळपास सगळे मेले किंवा जखमी झाले, जवानांचीही मोठी हानी. या कंपन्यांमध्ये मराठा, शीख, मुसलमान सगळे होते.

मराठा पलटणी मात्र मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेल्या. 103, 110, 117 या तिन्ही. तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात त्यांचे फार हाल झाले. म्हणून ब्रायटनच्या नावांत आपल्याला गढवाली, गुरखे, शीख, डोगरा, जाट जास्त दिसतात. सुभेदारसाहेबांना हे माहीत असणारच, त्यांना माझा नमस्कार सांगा.

अप्पा_देशमुख_सातारकर
13 एप्रिल, रात्री 9:40

सातारचं नाव वाचून राहवलं नाही. आमच्या जिल्ह्यातलं अपशिंगे गाव, लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले ते परत आलेच नाहीत. इंग्रजांनी तिथं स्तंभ उभारला. कोकणात आणि आमच्याकडं कितीतरी गावांत अशा संगमरवरी पाट्या सापडतात: या गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले. देवळाच्या भिंतीत, शाळेच्या ओट्यावर, चावडीजवळ. पोरं त्याच ओट्यावर गोट्या खेळतात, सुगीत तिथंच धान्य वाळत घालतात. आम्ही कुणी कधी "इथं खेळू नका" म्हणालो नाही. पण त्या पाटीवर कुणी पाय दिला तर गावातली म्हातारी माणसं लगेच हाक मारायची. एवढी मर्यादा पुरते.

ब्रायटनला एवढंच सांभाळा, बाकी पोरांना बागडू द्या.

गौरी_ठाणे
13 एप्रिल, रात्री 9:58

अप्पा, किती सुंदर लिहिलंत.

भटक्या_नाना
13 एप्रिल, रात्री 10:10

अप्पांना साष्टांग. (आणि सीगल मर्यादा पाळत नाहीत, हे पुन्हा एकदा.)

क्रॉलीची_मृण्मयी
14 एप्रिल, सकाळी 8:20

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याने धागा मोठ्याने वाचून दाखवला. 'लाल मिरची'ला मुलगा हसत सुटला आणि मग एकदम गप्प झाला. त्याला कळलं.

दोन प्रश्न. ब्रायटनबाहेर पॅट्चमच्या टेकडीवर या सैनिकांची स्मारक-छत्री आहे, तिथे मुलांना घेऊन जमेल का? आणि आठ वर्षांच्या मुलाला बागेत उभं राहून सांगता येईल अशी एखादी गोष्ट आहे का? त्याला माणूस लागतो, आकडे नकोत.

शंतनु_होव
14 एप्रिल, दुपारी 12:40

छत्रीबद्दल सविस्तर.

रुग्णालयांत वारलेल्या 53 हिंदू-शीख सैनिकांचं दहन शहराबाहेर, पॅट्चमच्या वरच्या मोकळ्या माळावर केलं गेलं. त्यांच्या धर्माप्रमाणे, त्यांच्याच लोकांच्या हातून. रक्षा समुद्रात सोडली. त्याच जागेवर पांढऱ्या संगमरवराची, आठ खांबांची छत्री आहे. 1 फेब्रुवारी 1921 ला युवराज एडवर्डने तिचं अनावरण केलं. आणि मुंबईकरांनो, तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुरचनाकाराचा.

दुसऱ्या महायुद्धात या माळावर लष्कराचा सराव चालायचा, तेव्हा छत्रीला गोळ्या लागल्या, नंतर ती दुरुस्त केली. 53 जणांची नावं मात्र छत्रीवर नव्हतीच. 2010 मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने शेजारी दगडी भिंत उभारून ती कोरली. नव्वदएक वर्षं ही माणसं नुसती 'सैनिक' होती, मग त्यांना नाव मिळालं. दरवर्षी जूनमध्ये तिथे मानवंदना असते, कुणीही जाऊ शकतं.

आता मुलांचं: गाडी वरपर्यंत जात नाही. रस्त्यापासून शेतांतून, मेंढ्यांमधून अर्धा तास चढ आहे. बाबागाडी विसरा, चारची मुलगी असेल तर पाठीवर घ्यायची तयारी ठेवा. स्वच्छतागृह नाही, पाणी नाही, सावली नाही, वारा भरपूर. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत त्यावर ठरवा. पाऊस पडून गेला असेल तर वाट फार घसरडी होते.

नझमा_रत्नागिरी
14 एप्रिल, दुपारी 4:05

माझं माहेर रत्नागिरी, राहते वोकिंगला. रेवतीताईंनी 'शिवाय काही मुसलमान' म्हटलंय, त्यांच्याबद्दल लिहिते, कारण त्यांची गोष्ट ब्रायटनच्या बागेतून निघून माझ्या घराजवळ येते.

पॅव्हेलियनच्या पूर्वेकडच्या हिरवळीवर मुसलमान सैनिकांना नमाजासाठी जागा दिली होती. जे वारले त्यांचे दफन मात्र वोकिंगला, कारण इथे 1889 ची शाहजहान मशीद आहे. त्या काळी जर्मनांनी बातम्या पसरवल्या की इंग्रज मुसलमान सैनिकांना त्यांच्या धर्माप्रमाणे पुरत नाहीत. त्याला उत्तर म्हणून इथल्या हॉर्सेल कॉमन नावाच्या माळावर स्वतंत्र दफनभूमी बांधली, घुमटाच्या दारासकट, 1917 मध्ये ती पूर्ण झाली. पुढे त्या जागेची इतकी नासधूस व्हायला लागली की 1960 च्या दशकाच्या अखेरीस सगळ्या कबरी ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमीत हलवल्या. मोकळी जागा पुष्कळ वर्षं ओसाड होती. 2015 मध्ये तिथे शांतीबाग झाली: लांब पाण्याचा हौद, झाडं, बाकं.

मी माझ्या मुलांना तिथे नेते. ते हौदाकाठी बसून बिस्किटं खातात. ओसाड होती तेव्हा तिथे कुणी बिस्किटं खात नव्हतं, दगड फोडत होते. माणसं येत-जात राहिली की जागा टिकते. कडक_चहा, म्हणून मला तुमची शांतता थोडी भीतीदायक वाटते. गजबज असू दे, त्याबरोबर दोन वाक्यं सांगणारं कुणीतरी असू दे.

कडक_चहा
14 एप्रिल, संध्या. 5:30

नझमाताई, विचार करायला लावलंत. रिंकबद्दल माझं मत तेच आहे, पण लोक आले तर जागा टिकते हे मान्य.

शाळामास्तर
14 एप्रिल, रात्री 8:15

मृण्मयीताई, गोष्ट हवी तर मीर दस्तची सांगा. मी इथल्या शाळेत इतिहास शिकवतो, वर्गात हीच सांगतो.

मीर दस्त हा पठाण जमादार, म्हणजे हिंदी फौजेतला कनिष्ठ अधिकारी. 26 एप्रिल 1915, बेल्जियममधलं ईप्र शहर. जर्मनांनी विषारी वायू सोडला होता. हा गडी आपल्या लोकांना धरून राहिला, अधिकारी पडल्यावर तुकडी सांभाळली, आणि मग गोळीबारातून आठ जखमी अधिकाऱ्यांना सुखरूप आणलं. गोरे होते त्यात आणि हिंदीही. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. तो वायूने आजारी होऊन ब्रायटनला आला आणि 25 ऑगस्ट 1915 ला पाचव्या जॉर्जने याच बागेत, याच हिरवळीवर, त्याच्या छातीवर पदक लावलं. 2016 मध्ये त्याच्या नावाचं स्मृतिचिन्ह बागेत बसवलं. मुलाला ते शोधायला लावा, मुलांना शोधायला आवडतं.

मुलगा अजून ऐकायला तयार असेल तर पुढचंही सांगा: त्याचा सख्खा भाऊ मीर मस्त, तोही याच युद्धात होता, आणि मार्च 1915 मध्ये तो खंदकातून पलीकडे जाऊन जर्मनांना मिळाला. एक भाऊ इकडे, एक तिकडे. माझ्या वर्गात यावर दरवेळी इतकी चर्चा होते की घंटा झालेली कळत नाही. 'कोण बरोबर?' असं मुलं विचारतात. मी उत्तर देत नाही, त्यांना बोलू देतो.

एक गोष्ट मात्र टाळा. 'महालावर बॉम्ब पडले नाहीत कारण हिटलरला तो स्वतःसाठी हवा होता' असं तिथे कुणीतरी हमखास सांगतं. ती ऐकीव दंतकथा आहे.

इतिहासाचा_विद्यार्थी
14 एप्रिल, रात्री 9:00

मास्तर, दोन्ही भाऊ सांगता हे फार आवडलं. भर घालतो: 1915 च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवलं, जानेवारीत रुग्णालय बंद झालं. त्यानंतर त्याच महालात हातपाय गमावलेल्या ब्रिटिश सैनिकांचं रुग्णालय सुरू झालं ते 1920 पर्यंत चाललं. तिथे त्यांना नवे धंदे शिकवायचे. म्हणजे बागेत कुबड्या घेऊन फिरणारी माणसं सहा वर्षं होती, आधी आपली, मग त्यांची. ही दुसरी गोष्ट आपण मराठी लोक सांगत नाही आणि पहिली ते लोक फारशी सांगत नाहीत. मुलं तिथलीच आहेत, तर त्यांना दोन्ही सांगा.

क्रॉलीची_मृण्मयी
15 एप्रिल, सकाळी 9:30

बाबांना सगळा धागा पाठवला होता. त्यांनी नातवाकडून टाइप करून घेतलेलं उत्तर जसंच्या तसं देते:

"सर्वांस नमस्कार. खडकीकरांना विशेष. रेवतीबाईंचं म्हणणं पटलं. मी स्वतः लष्करी इस्पितळात दोन महिने काढलेत, तिथं आम्ही बागेत पत्ते खेळायचो, मोठमोठ्यानं भांडायचो. दु:ख होतं, पण माणूस चोवीस तास दु:खात बसत नाही. आधी टेकडीवर छत्रीला जाईन, एकटा गेलो तरी चालेल, बूट घालून येतोय. सॅल्यूट करीन. मग खाली बागेत पोरांबरोबर बसेन आणि जेवीनही. दारूचा वास आला तर मात्र उठेन. त्या गोडबोले डॉक्टरचं पुढं काय झालं हे कुणी शोधलं तर मला कळवा. त्या त्रेपन्न जणांची नावं, पलटणी कुठं मिळतील? घरून निघण्यापूर्वी वाचून यायचं आहे."

पुण्याची_माधवी
15 एप्रिल, सकाळी 10:02

सुभेदारसाहेब, जोरदार सॅल्यूट तुम्हालाच!

रेवती_सिस्टर
15 एप्रिल, सकाळी 11:15

काकांसाठी: मृण्मयी, त्यांच्याबरोबर कुणी मोठं माणूस पाठव टेकडीवर, एकट्याला नको. बाकीच्यांनी तेवढा वेळ म्युझियम पाहावं. पॅव्हेलियनच्या आत हिंदी रुग्णालयावर एक दालन आहे, त्यात जुने फोटो आणि वॉर्डांची चित्रं आहेत. आत जायला तिकीट लागतं, बागेला नाही.

खडकीकर
15 एप्रिल, दुपारी 2:30

साहेब, नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतील. स्मारकाच्या नावात 'पॅट्चम' घालून शोधा, यादी उघडते: नाव, हुद्दा, पलटण, तारीख. पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गावही असतं. नावांची स्पेलिंगं इंग्रजांच्या कानाला जशी ऐकू आली तशी आहेत, त्यामुळे मोठ्याने वाचलीत तर ओळखू येतील. 20 आणि 21 कंपनीचे जे जवान न्यव्ह शापेलला पडले आणि ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही, त्यांची नावं तिथल्या 1927 च्या हिंदी स्मारकावर आहेत. त्यांच्यासाठी शोधताना '3 सॅपर्स अँड मायनर्स' असं टाका. मराठा, कोकणी, देशावरची नावं तिथे भेटतील. छापून आणा, टेकडीवर मोबाइलला रेंज कमी असते.